द्वारका जिजींचा लाल मणी

या, असे पुढं सरका. मागं खांबाला टेकून बसलात तर डोळा लागेल, आणि कीर्तनात झोपलेल्याचं पुण्य शेजारच्याला मिळतं असं आमच्याकडं म्हणतात. बुवा अजून हातपाय धुताहेत, पखवाजाला कणीक लागायची आहे. तेवढ्या वेळात बसेल अशी एक गोष्ट सांगतो. हिच्यात राजा नाही, राक्षस नाही. एक मणी आहे, एक बाई आहे, आणि अख्खा देश जेवला की नाही हे शोधायला निघालेलं एक सरकारी मंडळ आहे. हसायला बंदी नाही. मध्येच उठून जायला मात्र आहे.

ज्या वर्षी कार्तिकात माणसांच्या गळ्यात मणी आले, त्या वर्षीची ही हकिकत. त्याआधी देशाची भूक मोजायची रीत फार सोपी होती. गोदामांत धान्य किती ते बघायचं, देशात डोकी किती ती बघायची, आणि भागाकार करायचा. उत्तर दरवर्षी छान यायचं. भागाकाराचा गुणच तो. एकानं दोघांचं जेवण केलं आणि दुसरा उपाशी राहिला, तरी भागाकार म्हणतो, दोघंही पोटभर जेवले!

मग निघालं अन्नमान मंडळ. तिथली माणसं हुशार. त्यांच्या लक्षात आलं, की धान्य पिकलं, बाजारात आलं, गावात पोचलं, घरात शिजलं, इथपर्यंत सगळं दिसतं. पण ताटातून तोंडात गेलं की नाही, हा शेवटचा वीतभर रस्ता कुणालाच दिसत नाही. देश अडखळतो तो त्याच वीतभर रस्त्यावर. तो रस्ता दिसावा म्हणून त्यांनी गळ्यातल्या मण्यानं माणसाचा श्वासच मोजायचं ठरवलं.

विज्ञान सांगतो, घाबरू नका, भजनापेक्षा सोपं आहे. माणूस जेवलेला असला की अंग साखर जाळतं. बराच वेळ पोटात काही गेलं नाही की ते साठवलेल्या चरबीला हात घालतं. त्या जळणाचा एक बारीकसा अंश श्वासाबरोबर बाहेर उडून जातो. फार पिकलेल्या फळासारखा वास असतो त्याला. आपल्या नाकाला तो सहसा कळत नाही. मण्यातल्या पापुद्र्याला कळायचा. जोडीला तो मणी गळ्याची ऊब आणि नाडीची चालही बघायचा. पोट भरलेलं असलं की हिरवा, जेवणवेळ टळली की पिवळा, उपास पडला की लाल. एका दिवसाचा लाल दुसऱ्या दिवशी उतरायचा. पण महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या अंगाची ऊब कमी होते, नाडी मंदावते. तिथं मणी वेगळाच लाल व्हायचा, गडद, जुन्या कुंकवासारखा, आणि उतरायला कैक दिवस घ्यायचा. हे सगळे रंग आपोआप मंडळाकडं जायचे. एखाद्या गावातून लाल सारखा यायला लागला, की कुणी अर्ज न करता धान्याच्या गाड्या त्या गावाकडं निघायच्या.

ज्या शहरी पोरांनी मणी घडवला, त्यांचा असा समज की गळ्यात लाल दिवा लागला की माणूस जेवायला बसेल, नाहीतर कुणाकडं तरी मागेल. भाबडी पोरं! आमच्या आमोदखेड्याला ती कधी आली नव्हती.

आमोदखेडं तापीकाठी. चहूकडं केळी, घरोघरी कोठ्या भरलेल्या, आणि लहानथोर प्रत्येकाच्या गळ्यात तुळशीची माळ. बाकी देशात मणी कुणी साखळीत घातला, कुणी दोऱ्यात ओवला. आमच्याकडं प्रश्न पडला, तुळशीच्या माळेत हा उपरा मणी चालेल का? आमचे केशवबुवा कीर्तनकार. त्यांनी तो तळहातावर घेऊन फिरवून पाहिला.

"हा मणी काय करतो?"

"श्वास मोजतो, बुवा," कुणीतरी सांगितलं.

"मग ओवा. श्वास मोजायला का होईना, कुणीतरी बसलंय. आपण तर फुकट घालवतो."

झालं. सगळ्या गावानं मणी माळेत ओवून घेतला, नेमका गळ्याच्या खळीवर.

पुढं आली एकादशी, आणि गावात जी गंमत झाली ती काय वर्णावी! आमचे लोटूशेठ, किराणा दुकानवाले, एकादशीला पाण्याचा थेंबही घेत नाहीत अशी त्यांची ख्याती. ती ख्याती त्यांनी स्वतःच पसरवलेली. त्या संध्याकाळी शेठ पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले, आणि गळ्यात मणी पोपटासारखा हिरवागार.

"शेठ," बुवा व्यासपीठावरून म्हणाले, "निर्जळी ना?"

"नामानंच पोट भरतं, बुवा," शेठ डोळे न उघडता बोलले.

"भरतं तर. पण नामाला शेंगदाण्याच्या लाडवाचा वास येत नाही. तुमच्याकडून इथवर येतोय."

मंडप असा हसला, की टाळकऱ्यांच्या हातातले टाळ आपोआप वाजले. मी त्यातलाच एक.

पण त्या दिवसापासून गावाच्या डोक्यात एक भलतंच गणित पक्कं झालं. हिरवा तो ढोंगी, लाल तो खरा. ज्याच्या गळ्यात लाल, त्याच्यापुढं माणसं हात जोडायला लागली. मंडळानं पाठवला होता भुकेचा दिवा. आमोदखेड्यानं केला भक्तीचा दाखला. आता बोला!

आणि सगळ्यांत लाल मणी कुणाचा, तर द्वारका जिजींचा.

द्वारका जिजी म्हणजे यादव अप्पा नेहेत्यांच्या पत्नी. अप्पा आमच्या गावचं बडं प्रस्थ आणि गावच्या अन्नरक्षा समितीचे अध्यक्ष. घरात धान्याच्या कोठ्या, दारात केळीचे घड. त्यांच्या ओट्यावर पाय ठेवलेला माणूस जेवल्याशिवाय परत गेला, असं कधी झालं नाही. पाव्हणा असो, फवारणीचं यंत्र दुरुस्त करणारा असो, चुकून पत्ता विचारायला आलेला असो. अप्पा उंबऱ्यातूनच हाक मारायचे, "अगंऽ, ताट वाढ!" आणि अप्पांचं स्वतःचं ताट तर देवाच्या नैवेद्यासारखं. वरणात तीन बट्ट्या कुस्करल्याशिवाय त्यांना आपण जेवतोय असं वाटायचंच नाही.

जिजी सडपातळ, बोलायला मऊ, कायम उभ्या. त्यांना बसलेलं मी फक्त कीर्तनात पाहिलंय.

द्वादशीला गावाचे मणी हिरवे झाले, जिजींचा लालच. त्रयोदशीला लाल. पौर्णिमेला लाल. बाया कुजबुजायला लागल्या.

"बाई बाई, काय निष्ठा! कुणाला सांगितलंसुद्धा नाही."

"गुप्त व्रत असेल."

"विचारायचं नसतं गं, विचारलं की फळ जातं."

हे शेवटचं वाक्य फार महागात पडलं. विचारायचं नाही असं ठरल्यावर कुणी विचारलंच नाही. बुवांनी कीर्तनात जिजींचं नाव घेतलं. बाया त्यांच्या पाया पडायला लागल्या. आणि अप्पा? इतकी वर्षं देवळात येताना अप्पा चार पावलं पुढं आणि जिजी चार पावलं मागं, असा तो जोडा यायचा. आता अप्पा थांबून त्यांना बरोबर घ्यायला लागले. चारचौघांत म्हणायचे, "आमच्या घरातून म्हणजे साक्षात तपश्चर्या!" आणि घरी आलेल्या दर्शनार्थींसाठी हाक मारायचे, "अगंऽ, ताट वाढ!"

तपश्चर्या अशी वाढत गेली.

पौषात एका सकाळी गावात दोन मोठ्या गाड्या शिरल्या. गाड्यांना चालक नव्हता, त्या आपल्या आपणच यायच्या. धान्य उतरवायला मात्र माणसं होती. माणसाच्या पाठीला तोड अजून निघायची होती. गाड्या थेट अप्पांच्या दारात थांबल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "आपल्या गावात भूक आढळली आहे. कृपया गहू उतरवून घ्यावा."

अप्पा दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून ओट्यावर आले.

"कुठं आढळली भूक? अं? कुणाच्या घरात?"

"लाल मणी सातत्यानं येतोय, साहेब," एक हमाल म्हणाला.

"अरे, ती भक्ती आहे! आमोदखेड्याला गहू? अहो, आम्ही गहू पिकवून दुसऱ्याला देणारी माणसं! ही बघ कोठी. ती बघ दुसरी. आता असं करा, हातपाय धुवा आणि जेवायला बसा. आमच्या गावात भूक आहे की नाही ते तुमच्या पोटालाच कळू द्या. अगंऽ, ताट वाढ!"

पाची हमाल पोट फुटेस्तोवर जेवले. वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी, ठेचा, वर ताक. ज्या बाईची भूक बघून त्या गाड्या सरकारनं धाडल्या होत्या, त्या बाईची भाकरी खाऊन गाड्यांबरोबरची माणसं ढेकर देत परत गेली. गहूही परत गेला. देवा, तुझी लीला म्हणावी की आमची अक्कल?

अप्पांनी तेवढ्यावर सोडलं नाही. फोन उचलला आणि मंडळाच्या यंत्राला सांगितलं, की आमच्या गावाला 'उपवास-सवलत' हवी. अशी एक सोय खरंच होती. एखाद्याचा लाल रंग श्रद्धेचा आहे असं समितीच्या अध्यक्षानं कळवलं, आणि मंडळाच्या माणसानं येऊन खात्री केली, की तो मणी मोजणीतून वगळायचा. त्यात अप्पांचा एक मोहही होता. ज्या गावात एकही लाल मणी नाही, त्याला 'तृप्तग्राम' असा मान मिळायचा आणि वेशीवर पाटी लागायची. आमच्या गावचा सप्ताह माघात. काल्याच्या दिवशी, म्हणजे समाप्तीच्या कीर्तनाला, ती पाटी लावायची असं अप्पांनी मनात धरलं होतं.

खात्री करायला मंडळाकडून तनुजा भिरूड आली, काल्याच्या आदल्या दिवशी. जळगावकडचीच मुलगी, तिशीची, शहरात शिकलेली, पण बोलणं इकडचं. अप्पांच्या ओट्यावर पाय ठेवला आणि फसली.

"अप्पा, मी फक्त दोन प्रश्न विचारून—"

"प्रश्न पळून जातात का, पोरी? भाकरी गार होते. बस."

"मी खाऊन आलेय हो, खरंच."

"कुठं? रस्त्यावर? ते खाणं नाही, ते पोटाला फसवणं. अगंऽ!"

तनुजा बसली. अप्पा बसले. जिजी वाढायला उभ्या. तनुजानं ताटावर हात आडवा धरला तर भाकरी हाताखालून गेली. "पुरे" म्हणाली तर भरीत दुप्पट झालं. आमच्याकडं पाव्हणा "पुरे" म्हणतो तेव्हा खरं तर जेवण सुरू होतं.

"जिजी, तुम्हीपण बसा ना."

"माझं झालंय गं."

"बघ!" अप्पा घास तोंडात ठेवूनच म्हणाले. "असंच. नेहमी 'माझं झालंय'. व्रताचा डंका नाही पिटायचा. घे, ही शेवटची भाकरी, ताटात टाक तिच्या. सरकार आलंय आपल्याकडं!"

तनुजानं त्या भाकरीचा घास मोडला आणि सहज वर बघितलं. जिजी रिकामं दुरडं काखेत धरून उभ्या होत्या, आणि पदराआड त्यांच्या गळ्यात तो गडद लाल मणी. आत्ता म्हणाल्या, माझं झालंय. मणी सांगत होता, कित्येक दिवस पोटभर काही झालेलं नाही. तनुजाच्या हातातला घास हातातच राहिला. तो जिजींच्या वाटणीचा होता.

अप्पा वामकुक्षीला गेल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकली. हे सगळं तिनं पुढं मला स्वतः सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"जिजी, उपवास कसला आहे तुमचा?"

"असतो गं."

"कुठल्या देवाचा?"

"देवाला कशाला मध्ये घेतेस?" जिजींनी भांडं विसळत हळूच म्हटलं. "पाव्हणे आले. भाकरी संपल्या. एकटीसाठी परत तवा कोण ठेवतं? गुडघे ओरडतात. मग थोडा गूळ खायचा, वर पाणी. यात नवं काय आहे? पूर्वी मणी नव्हता, एवढंच."

"रोज?"

"रोज कुठं? पाव्हणे येतात त्या दिवशी."

"आणि पाव्हणे कधी येतात?"

जिजींनी विचार केला. "रोज," म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

"मग अप्पांना सांगा ना!"

आता मात्र जिजींचं हसू गेलं. "काय सांगू? लग्न झाल्यापासून 'मीठ कमी आहे' याच्यापलीकडं त्या माणसानं माझ्याविषयी शब्द काढला नाही. वाईट नाहीत गं ते. त्यांना दिसतच नाही. जेवताना माणूस ताटाकडं बघतो, वाढणारीकडं कशाला बघेल? आता गेले अडीच महिने चारचौघांत माझं नाव घेतात. देवळात बरोबर चालतात. काल मला म्हणाले, 'द्वारके, तुझ्या पुण्याईवर घर उभं आहे.' त्यांना आता सांगू, की अहो, तुमची बायको साध्वी नाही, नुसती भुकेली आहे?"

तनुजानं त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलं. "जिजी, तुमची नाडी मंदावलीय. मण्याचे सगळे आकडे माझ्याकडं आहेत. असंच चाललं तर एक दिवस उभ्या-उभ्या कोसळाल. आणि ही सवलत मी मान्य केली, तर यंत्र तुमच्याकडं बघायचंच सोडून देईल. उद्या काला झाला की मला उत्तर कळवायचंय."

"मग कळव, उपवास आहे म्हणून."

"जिजी!"

"ताक घेतेस का थोडं?"

अशी ती बाई. आता तुम्ही सांगा, अशा बाईपुढं देशाचं कुठलं शास्त्र टिकावं?

दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. मंडप तुडुंब. अप्पांनी जिजींसाठी झेंडूचा हार आणलेला, वेशीवर कापडात गुंडाळलेली पाटी तयार. बुवांनी काल्याचा प्रसंग रंगवला होता. गोपाळ आपापल्या शिदोऱ्या सोडतात, सगळं एका भांड्यात कालवतात, आणि प्रत्यक्ष देव त्यांच्या हातातला घास हिसकावून खातो. आम्ही टाळकरी डोलत होतो. तेवढ्यात बुवा म्हणाले, "आज या काल्याचा पहिला घास आपल्या गावच्या तपस्विनीच्या मुखी जाईल. द्वारका जिजी, पुढं या."

जिजी बायकांच्या रांगेतून उठल्या. जाता जाता कुणीतरी त्यांचं लुगडं ओढलं. लोटूशेठची सून पल्लवी होती. मांडीवर अंगावर पिणारं पोर. तिनं पदर जरा बाजूला केला आणि डोळे चमकवत म्हणाली, "जिजी, बघा! माझापण झाला. तुमच्यासारखा!"

तिच्या गळ्यात मणी लाल.

"तू काय केलंस गं?" जिजींनी विचारलं.

"काही नाही. काल सकाळचं सोडलं. मग रात्रीचं सोडलं. सासूबाई म्हणाल्या, पुण्य लागेल."

जिजी तिथंच थांबल्या. पोराकडं बघितलं. ते बिचारं रडूनरडून दमलं होतं. पुढं अप्पा हार घेऊन उभे, बुवा घास घेऊन उभे, सगळा मंडप हात जोडून बसलेला. मी अगदी समोर होतो. जिजींनी एकदा अप्पांच्या तोंडाकडं असं पाहिलं, जसं माणूस गाव सोडताना घराकडं पाहतो.

मग म्हणाल्या, "बुवा, मला उपवास नव्हता."

"काय म्हणता, माय?"

"उपवास नव्हता. एकही नव्हता. भाकरी पुरल्या नाहीत." आवाज मऊच, पण मंडपाच्या टोकापर्यंत गेला. "ह्यात पुण्य काही नाही, पोरींनो. नुसतं पोट दुखतं आणि चक्कर येते. पल्लवी, ऊठ आणि आत्ता जेव. पोराच्या तोंडचं काढून कसलं पुण्य लागतं गं?"

लोटूशेठनी पहिल्यांदाच खरोखर डोळे मिटले. अप्पांच्या हातातला हार तसाच लोंबत राहिला.

बुवा मोठे हो आमचे. त्यांनी पागोटं काढून हातात घेतलं. "मंडळी," ते म्हणाले, "अडीच महिने मी या माउलीच्या भुकेवर कीर्तनं केली, आणि कीर्तन झाल्यावर हिच्याच घरी जेवलो. काल्यात देवानं कुणाला 'माझं झालंय' म्हणू दिलं नाही, एवढं सांगायला आज उभा होतो, आणि मलाच कळलं नव्हतं." आणि घास घेऊन स्वतः खाली उतरले. जिजींनी खाल्ला. मागोमाग पल्लवीनं. अप्पांनी हार मुकाट्यानं खांबाला अडकवला आणि घरी निघून गेले. एकटे. चार पावलं पुढं.

जिजींना वाटलं, गेलं ते बरोबर चालणं.

पण अप्पा चिडले होते ते स्वतःवर, आणि आमच्या अप्पांचा राग म्हणजे लगेच एखादा विडा उचलणं. जिजी घरात शिरल्या तर अप्पा समोरच्या रिकाम्या पाटापुढं ताट वाढून बसलेले.

"बस. आजपासून तू आधी."

"अहो, असं कुठं असतं का?"

"तुझा मणी हिरवा झाल्याशिवाय मी अन्नाला शिवणार नाही. बस म्हणतो ना!"

जिजी बसल्या. घास उचलला, परत ठेवला. "तुम्ही बघताय. घास उतरत नाही."

अप्पा वळले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

"आता तर मुळीच नाही उतरत. भिंतीकडं बघत बसलाय उपाशी माणूस."

"मग मी बाहेर जातो!"

"बाहेर गेलात तर पाव्हणे घेऊन याल!"

असा तो संसार. त्या वादावादीत अर्धी भाकरी कशीबशी जिजींच्या पोटात गेली. आणि अप्पांना एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती. महिनोन्‌महिन्यांचा गडद लाल एका भाकरीनं जात नसतो. दुसऱ्या दिवशी दुपारी जिजींचा मणी लालच. अप्पा प्रतिज्ञेला पक्के. तीन बट्ट्यांचा माणूस नुसत्या पाण्यावर! संध्याकाळी हरिपाठाला जोडी आली तेव्हा अप्पांच्या पायांत बळ नव्हतं, आणि गळ्यात मणी लालभडक.

मंडपात शिरताक्षणी लोटूशेठनी तो पाहिला. कालचं सगळं कीर्तन त्यांच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून गेलं असावं. धावत आले आणि अप्पांच्या पायांवर सपशेल आडवे झाले.

"अप्पा! तुम्हीसुद्धा! धन्य! धन्य!"

त्यांच्यामागं आणखी दोघं वाकले. जुनी सवय. विचारायचं नाही, पाया पडायचं.

"अरे ऊठ!" अप्पा ओरडले. "धन्य काय? ऊठ, शेठ! अरे, भूक लागलीय मला! भूक! कळतं का? भूक लागलीय!"

टाळ थांबले. पखवाज थांबला. अन्नरक्षा समितीचा अध्यक्ष भर मंडपात भूक लागली म्हणून ओरडत होता. आमोदखेड्यात हे तीन शब्द कुणा मोठ्या माणसानं चारचौघांत उच्चारल्याचं मला तरी आठवत नाही. लेकरं म्हणतात, आणि त्यांनाही आपण सांगतो, पाव्हण्यांसमोर असं बोलू नये.

बायकांच्या बाजूनं जिजींचा आवाज आला. "मलाही."

"काय?"

"मलाही भूक लागलीय," जिजी म्हणाल्या. आणि हसल्या, तोंडाला पदर न लावता.

अप्पांनी तिकडं बघितलं. ताटाकडं नाही, वाढणारीकडं. "मग चल," म्हणाले. "पीठ मी मळतो. तवा तू सांगशील तेव्हा ठेवतो. पण एकाच वेळी बसू, बाई. मागंपुढं आता मला जमायचं नाही, जीव जाईल माझा."

भर हरिपाठातून उठून गेली दोघं. देवळातून मध्येच उठणाऱ्याला बुवा कधी सोडत नाहीत. त्या दिवशी त्यांनीच वाट करून दिली. मंडपाच्या दाराशी तनुजा उभी होती. उत्तर कळवायचं तिनं एक दिवस लांबवलं होतं. तिनं तिथंच फोन काढून मंडळाला कळवलं. सवलत नामंजूर. गावात धान्य भरपूर आहे, गाड्या पाठवू नयेत. अडचण एवढीच, की या गावात भूक सांगायची रीत नव्हती. आज सुरू झाली आहे.

पाटी वेशीवर लागली नाही ती नाहीच. जिजींचा मणी मात्र चैत्रात हिरवा झाला. अप्पांच्या ओट्यावर पाव्हणे अजून येतात. पण भाकरी संपल्या तर सगळी पंगत हात आखडून थांबते, तवा परत चढतो, आणि अप्पा मळलेलं पीठ जिजींपुढं असं धरतात की जणू नैवेद्य आणलाय. भाकऱ्या फुगत नाहीत त्यांच्या पिठाच्या. कुणी तक्रार केली, तर जिजी म्हणतात, "मीठ बरोबर आहे ना? मग खा."

आता बुवा आलेच बघा, पखवाज लागला. माझं एवढंच मागणं. कीर्तन झालं की प्रसादाची पंगत बसेल, ताटं समोर येतील. पहिला घास तोंडात घालण्याआधी आमच्या द्वारका जिजींची आठवण काढा, आणि मान वर करून एकदा बघून घ्या, वाढणाऱ्यांत अजून कोण उभं आहे.